लगाम धरणाऱ्याचा धर्म

काही वर्षांपूर्वी एका जत्रेत आम्ही घोडागाड्यांची शर्यत पाहिली. एक ठेंगणे, तांबूस तट्टू पहिले आले. गुलाल उधळला गेला, लोकांनी मालकास खांद्यावर घेतले. टाळ्या पिटणाऱ्यांत आम्हीही होतो. गर्दी ओसरल्यावर परतताना तेच तट्टू बाभळीखाली उभे दिसले. नाकपुड्या फाकल्या होत्या, कुशी भात्यासारख्या हालत होत्या, मागले पाय थरथरत होते आणि एका नाकपुडीतून रक्ताची बारीक धार ओघळत होती. पुढे पाण्याची बादली ठेवलेली होती. तिला त्याने तोंडही लावले नव्हते. आम्ही विचारले, तेव्हा मोतद्दार म्हणाला, "तहान नाही लागली त्याला." त्या दिवसापासून एक प्रश्न आमची पाठ सोडीत नाही. ज्या जिवाला 'आता पुरे' असे म्हणता येत नाही, त्याला आपल्या हौसेखातर शक्तीच्या शेवटच्या कणापर्यंत पळविण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

पुष्कळ जण म्हणतात की घोडा धावण्यासाठीच जन्मला आहे. यात तथ्य आहे. त्याच्या देहाची रचनाच तशी आहे. स्वस्थ उभ्या घोड्याचे हृदय मिनिटास सुमारे ३० ते ४० ठोके देते. भरधाव दौडीत ते २०० च्याही वर जातात. प्लीहेत साठवून ठेवलेल्या तांबड्या रक्तपेशी अशा वेळी अंगभर सोडल्या जातात आणि स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो. परंतु या देणगीची किंमतही त्याच देहास मोजावी लागते. रक्त दाट होते, फुप्फुसांतील बारीक वाहिन्यांवर विलक्षण दाब येतो आणि त्यांतील काही फुटतात. शर्यतीच्या घोड्यांच्या श्वासनलिका दौडीनंतर वरचेवर दुर्बिणीने तपासल्या, तर बहुतेकांत केव्हा ना केव्हा हा रक्तस्राव आढळतो. नाकावाटे रक्त बाहेर आलेले मात्र क्वचितच दिसते. म्हणजे आम्ही बाभळीखाली जे पाहिले, ते इतर पुष्कळ घोड्यांच्या आत, कोणाच्या दृष्टीस न पडता घडत असते.

पायांची कथाही अशीच आहे. घोड्याच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतात. सारा भार हाडांवर आणि कंडरांवर पडतो. भरधाव दौडीत काही क्षण तर एकाच पायावर देहाच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. त्यामुळे हाडांस सूक्ष्म तडे जातात. विश्रांती मिळाली तर ते भरून येतात. न मिळाली तर एके दिवशी हाड मोडते. ३ मे २००८ रोजी अमेरिकेतील केंटकी डर्बीत एट बेल्स नावाची तीन वर्षांची घोडी दुसरी आली. अंतिम रेषा ओलांडून ती थोडी पुढे गेली आणि पुढच्या दोन्ही पायांची हाडे मोडून कोसळली. तिला तेथेच मरण द्यावे लागले.

आता त्या न प्यालेल्या पाण्याविषयी. माणसाच्या घामापेक्षा घोड्याचा घाम पुष्कळ खारट असतो. घामावाटे पाणी आणि क्षार बरोबरच निघून गेल्यामुळे रक्तातील खारटपणा फारसा वाढत नाही. आणि तो वाढल्यावाचून तहानेची जाणीव जागी होत नाही. देहातील पाणी आटत असतानाही घोडा बादलीपुढे मुकाट उभा राहतो. मोतद्दार खोटे बोलला नव्हता. पण ज्या प्राण्याला स्वतःचा देहही वेळेवर इशारा देत नाही, त्याच्या वतीने इशारा ओळखणे हे लगाम धरणाऱ्याचे काम आहे, एवढे यातून निश्चित होते. घोडा पळतो म्हणून त्याची संमती आहे असे म्हणणे ही आपली सोय आहे.

ही जबाबदारी नियमांत बसविण्याचा प्रयत्न काही ठिकाणी झाला आहे. कॅलिफोर्नियात १९५५ साली डोंगराळ वाटेने एका दिवसात १०० मैल घोड्यावरून जाण्याची 'टेव्हिस कप' ही स्पर्धा सुरू झाली. तीत वाटेवर पशुवैद्य घोड्यांची नाडी आणि चाल तपासतात. घोडा अयोग्य ठरला तर स्वार कितीही आघाडीवर असो, त्याला तेथेच थांबावे लागते. पहिल्या दहांत येणाऱ्या घोड्यांपैकी ज्याची प्रकृती सर्वांत उत्तम राहिली, त्याच्यासाठी १९६४ पासून एक वेगळा चषक आहे. तेथेही घोडे दगावले आहेत. तरीही वेगाच्या शेजारी स्वास्थ्यालाही मान दिला गेला, हे आम्हांस मोलाचे वाटते.

आपणांस मात्र यासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही. महाभारताच्या द्रोणपर्वात जयद्रथवधाचा दिवस आठवावा. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध झाला नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. एकेक घटका प्राणाच्या मोलाची होती. तरीही घोडे थकले, घायाळ झाले हे पाहताच भर रणात रथ थांबला. अर्जुनाने खाली उतरून शत्रूस थोपविले आणि बाणाने भूमी भेदून पाणी काढले. श्रीकृष्णांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण उपटले, त्यांना लोळू दिले, पाणी पाजले, चारा घातला आणि मगच रथ पुन्हा जोडला. ज्या दिवशी थांबणे सर्वांत अवघड होते, त्या दिवशी भगवंत घोड्यांसाठी थांबले. आपल्या शर्यतीत तर कोणाचीही प्रतिज्ञा पणाला लागलेली नसते.

कायदा काय म्हणतो, हा प्रश्न निराळा आहे. बैलगाड्यांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी घातली. पुढे महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांनी केलेले बदल १८ मे २०२३ रोजी त्याच न्यायालयाने वैध ठरविले. परंतु कायद्याने ज्यास मुभा दिली ते सर्व धर्म्य होते, असे नाही. कायदा मैदानाच्या कडेला उभा असतो. लगाम आपल्या हाती असतो आणि टाळ्याही आपल्याच हातांच्या असतात. ज्या टाळ्यांसाठी मालक चाबूक उगारतो, त्यांचा काही दोष आपल्या माथी येतोच. त्या तट्टाच्या रक्तात आमचाही वाटा होता, हे आम्ही येथे मान्य करतो.

जत्रा व्हाव्यात, मुलांनी घोडे पाहावेत, त्यांच्या ऐटीचे कौतुक करावे. यात वावगे काही नाही. आमची विनंती एवढीच की पुढच्या जत्रेत घरी परतण्यापूर्वी मुलांचा हात धरून त्या झाडाखाली जावे. पहिला कोण आला हे त्यांना आधीच ठाऊक असेल. तो पाणी प्याला काय, हेही त्यांनी विचारावे.