आजचं चिंतन : फाटलेला ढग आणि अडकलेलं जहाज (गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५)



आपल्या रोजच्या वाचनात आज सहाव्या अध्यायाचा शेवटचा भाग आला. आसन कसं असावं, झोप किती असावी, खाणं किती असावं, हे सगळं भगवंतांनी सांगून झालंय. मन वाऱ्यासारखं आहे, ते आवरत नाही, ही अर्जुनाची तक्रारही झाली. अभ्यास आणि वैराग्य हे त्यावरचं उत्तरही मिळालं. खरं तर इथे विषय संपायला हवा. पण अर्जुन अजून एक प्रश्न विचारतो आणि मला तो सगळ्या अध्यायातला सर्वात माणसासारखा प्रश्न वाटतो.

तो विचारतो, ज्याची श्रद्धा आहे, पण प्रयत्न अपुरे पडले, जो मधेच घसरला, त्याचं काय? संसारही धड झाला नाही, योगही साधला नाही. मग तो फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून संपून जातो का?

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. पेरणी झालेली असते, आभाळ भरून येतं, सगळं गाव वर बघत असतं आणि एक तुकडा मोठ्या ढगापासून सुटून एकटाच पुढे सरकतो. मागच्या ढगात राहिला असता तर कुठेतरी बरसला असता. पुढच्याला मिळाला असता तरी चाललं असतं. पण तो मधेच विरून जातो.

असाच एक ढग सध्या देवगाव फाट्यावर आहे. गावाकडचा मुलगा, मला दादा म्हणतो. त्याने लिहायला हरकत नाही म्हटलंय, नाव मात्र सांगत नाही. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, तीन वर्षांनी गेली. आता चार महिने घरी आहे आणि घरच्यांना सांगितलंय की वर्क फ्रॉम होम आहे. सकाळी लॅपटॉप उघडून बसतो, संध्याकाळी फाट्यावर येऊन उभा राहतो. ओळखीचं कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "कव्हा आलास?" आणि दुसरा, "किती दिवस हायस?" पहिल्याचं उत्तर त्याला देता येतं. पुण्यात असताना तो रोज हरिपाठ म्हणायचा, तोही सुटला. फोनवर म्हणाला, "दादा, मी ना इथला राहिलो, ना तिथला. आता देवापुढं बसायचीबी लाज वाटते."

फाटा म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्यांना कदाचित नीट कळणार नाही. फाटा हे गाव नसतं. एक रस्ता सेलूकडे जातो, एक जिंतूरकडे, एक मंठ्यावरून जालन्याकडे. चहाची टपरी असते, एसटीची वाट बघणारी माणसं असतात. तिथे कुणी पोचत नाही. तिथून फक्त पुढे जायचं असतं. अर्जुनाचा प्रश्न म्हणजे फाट्यावरच्या माणसाचा प्रश्न आहे.

आता थोडं वेगळीकडे जाऊ. तुमच्यापैकी बरेच जण सायन्स फिक्शन बघतात. ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ नावाची एक जुनी मालिका आहे. १६ जानेवारी १९९५ ला सुरू झाली आणि २३ मे २००१ ला संपली. सात सीझन, १७२ भाग. (पुढे स्पॉयलर आहेत, पण पंचवीस वर्षांनंतर मला माफी असावी.)

कथा अशी की कॅप्टन कॅथरीन जेनवे एका बंडखोर जहाजाच्या शोधात निघते आणि अवकाशातल्या एका भल्यामोठ्या यंत्राची शक्ती दोन्ही जहाजांना क्षणात आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला खेचून नेते. घर ७०,००० प्रकाशवर्षं मागे राहतं. पूर्ण वेगाने निघाले तरी ७५ वर्षं. हिशेब केला तर प्रकाशाच्या नऊशेपट वेगाहून जास्त झाला, तरीही एक आयुष्य अपुरं. बंडखोरांचं जहाज नष्ट होतं. मग पाठलाग करणारे आणि पळणारे एकाच जहाजातून घरी निघतात.

पहिल्या भागातली एक गोष्ट नीट बघा. ते यंत्र वापरून परत जाण्याची वाट होती. पण यंत्र तसंच मागे सोडलं, तर ते दांडग्यांच्या हाती पडणार आणि जवळच्या ग्रहावरचे दुबळे लोक त्यांच्या तावडीत सापडणार. जेनवे यंत्र उडवून देते. घरी जायचा दरवाजा ती स्वतःच्या हाताने बंद करते, कारण त्या क्षणी तोच धर्म होता.

म्हणजे माणूस अडकला की त्याने काहीतरी पाप केलंच असेल, असं नसतं. कधी कधी बरोबर वागल्यामुळेही माणूस मधे अडकतो. आणि नोकरी जाणं हे तर अनेकदा आपल्या वागण्याशी जोडलेलंही नसतं. कुणीतरी कुठेतरी एक्सेल शीटवर रेघ मारतं. आपण मात्र तिचा अर्थ ‘देवाने मला टाकलं’ असा लावत बसतो.

पाचव्या सीझनचा पहिला भाग आहे ‘नाइट’. जहाज अशा पट्ट्यात शिरतं जिथे एकही तारा नाही. नुसता काळोख, आणि तो ओलांडायला दोन वर्षं लागणार. इतके दिवस रोज काही ना काही संकट होतं, म्हणून कॅप्टनला विचार करायला वेळ नव्हता. आता काहीच घडत नाही आणि जुना निर्णय तिला खाऊ लागतो. ‘माझ्यामुळे हे सगळे इथे अडकले.’ ती खोलीतून बाहेर येणं बंद करते. दिवे मंद करून बसते.

मंडळी, ही अवस्था मला फार ओळखीची वाटते. संकटात माणूस देवाला सोडत नाही, उलट घट्ट धरतो. देव सुटतो तो रिकामपणात. काही घडत नसतं तेव्हा. चार महिने एकाच लॅपटॉपसमोर, एकाच खोलीत. मग मन म्हणतं, तू नापास झालास, आता कुठल्या तोंडाने नाम घेणार? गंमत बघा, हे मनच आधी साधना सोडायला लावतं आणि मग तेच मन साधना सोडली म्हणून खटला चालवतं. वकील तेच, न्यायाधीशही तेच.

त्या भागाच्या शेवटी काळोखातून बाहेर पडायची एक जवळची वाट सापडते. ती जहाज गेल्यावर बंद करणं भाग असतं, नाहीतर काळोखात राहणाऱ्या दुसऱ्या कुणाचातरी जीव जाणार असतो. पहिल्या भागातलाच पेच! जेनवे ठरवते की जहाज पुढे पाठवायचं आणि वाट बंद करायला आपण एकटीने मागे राहायचं. पण या वेळी तिचे सहकारी एकेक करून तिचा हुकूम नाकारतात. धर्म तोच पाळायचा, पण शिक्षा म्हणून एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून. आपल्याकडे याला सत्संग म्हणतात. सत्संग म्हणजे फक्त टाळ-मृदंग नाही. तू स्वतःला दिलेली शिक्षा आम्हाला मान्य नाही, असं सांगणारी चार माणसं म्हणजे सत्संग.

आता भगवंतांचं उत्तर बघू. अर्जुनाला वाटलं असेल की देव म्हणेल, ‘म्हणून तर सांगत होतो, नेटाने कर.’ एक शब्दाचा ओरडा नाही. कृष्ण त्याला ‘तात’ म्हणतो. बाप लेकराला जवळ घेऊन बोलतो तो हा शब्द. मग सांगतो की अशा माणसाचा नाश ना इथे होतो, ना पुढे. चांगलं करू पाहणारा कुणीही वाईट गतीला जात नाही. तो चांगल्या घरी जन्मतो, पूर्वीची समज त्याला परत मिळते, आणि तिथून पुढे तो पुन्हा प्रयत्नाला लागतो. इतकंच नव्हे, पूर्वीचा अभ्यास त्याला त्याच्या इच्छेविरुद्धही ओढून नेतो.

‘तिथून पुढे.’ आपण सॉफ्टवेअरवाले लोक, आपल्याला हे पटकन कळायला हवं. मोठं डाउनलोड ९० टक्क्यांवर तुटलं तर चांगली सिस्टीम पुन्हा शून्यापासून सुरू करत नाही. जिथे थांबलं तिथून उचलते. भगवंत म्हणतात, शरीर बदललं तरी साठवलेलं जात नाही. मग चार महिन्यांच्या खंडाने तीन वर्षांचा हरिपाठ पुसला जाईल?

आणि मृत्यूनंतरच्या जन्माचीच वाट बघायला नको. घरी परत आलेला मुलगा हाही एक नवा जन्मच आहे. तोही चांगल्या घरी झालाय.

मालिकेतला आणखी एक भाग आठवतो, ‘द ३७ज’, दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीचा. त्यांना एक ग्रह सापडतो. तिथे माणसांची सुखी वस्ती आहे आणि ते म्हणतात, इथेच राहा. जेनवे सगळ्यांना मोकळीक देते. ज्यांना राहायचंय त्यांनी ठरलेल्या वेळी मालाच्या कोठारात जमा. ती धडधडत्या छातीने दार उघडते. आत कुणीच नाही. एकही माणूस उतरलेला नाही. वाट ७५ वर्षांचीच आहे, काहीही कमी झालेलं नाही. पण त्या दिवसापासून ते अडकलेले राहत नाहीत, ते निघालेले होतात. बाहेरचं अंतर तेवढंच, आतला शब्द बदलला.

इथपर्यंत जहाजाचा दृष्टांत चालतो. पुढे मात्र तो तुटतो, आणि तुटतो तिथेच आपलं खरं चिंतन सुरू होतं.

जहाजाचं घर ७०,००० प्रकाशवर्षांवर होतं. देव तेवढा लांब आहे का? आपल्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या घरी आली आणि तिथे दासी म्हणून राहिली. माहेर सुटलेलं, घर दुसऱ्याचं, काम दळण-कांडणाचं. अडकलेलं आयुष्य म्हणायचं तर याहून काय वेगळं असतं? पण परंपरा काय सांगते? जनी कुठे पोचल्यावर तिला देव भेटला नाही. देव येऊन तिच्या जात्याला बसला. मधल्या वाटेवर, कामाच्या जागी, पिठाच्या धुळीत.

आणि पुंडलिक आठवा. देव दारात आला तेव्हा तो आईवडिलांच्या सेवेत होता. त्याने वीट पुढे केली आणि थांबायला सांगितलं. तेव्हापासून देव विटेवर उभा आहे. आपल्याला वाटतं, फाट्यावर उभे आपण आहोत. वारकऱ्यांचा देव तर अठ्ठावीस युगं उभाच आहे! वाट बघण्याची लाज वाटणाऱ्या माणसाने वाट बघणाऱ्या देवाकडे जायला का लाजावं?

त्या मुलाला मी हेच म्हणालो. घरी आहेस ना? मग आईवडील समोर आहेत. पुंडलिकाची जागा तुला आयती मिळालीये. पण त्या जागेवर खोटं लॉगिन करून बसता येत नाही. त्यांना खरं सांग. तुझा पगार गेलाय, तू गेलेला नाहीस, हे तुझ्याआधी त्यांना कळेल. आणि झोपच लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडेही जा. चिंतन हे औषधाच्या जागी घ्यायचं नसतं.

आता आजच्यासाठी एक छोटा अभ्यास. त्यासाठी दुसऱ्या, खऱ्याखुऱ्या व्हॉयेजरची गोष्ट सांगतो. ‘व्हॉयेजर १’ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्याकडून अर्थहीन डेटा येऊ लागला. मेमरीची एक चिप निकामी झाली होती. दुरुस्तीला जाणार कोण? संदेश पोचायलाच तेव्हा साडेबावीस तास लागत होते. इंजिनिअरांनी ठरवलं की त्या चिपमधला कोड दुसरीकडे हलवायचा. पण सगळा कोड मावेल अशी सलग जागाच शिल्लक नव्हती. मग त्यांनी कोडचे तुकडे केले आणि जिथे जिथे थोडी जागा होती तिथे ते बसवले. १८ एप्रिल २०२४ ला पहिला तुकडा पाठवला, आणि २० एप्रिलला कळलं की तो चालला. पाच महिन्यांनी यान पुन्हा नीट बोलू लागलं.

साधना सुटलेल्या प्रत्येकाने हे करून बघावं. सलग अर्धा तास मिळत नाही ना? मन तेवढं टिकत नाही ना? मग तुकडे करा. चहा उकळेपर्यंत अकरा वेळा नाम. लिफ्टमध्ये पाच वेळा. बिल्ड चालू असताना एक अभंग. एसटीची वाट बघताना, ती येईपर्यंत. आणि सुटलेल्या दिवसांची भरपाई करत बसू नका. थकबाकी मागणारा सावकार तिथे नाही. जिथे सुटलं होतं, तिथून पुढे.

आजचा संकल्प एवढाच : आज दिवसात जिथे कुठे थांबावं लागेल, सिग्नलला, रांगेत, फाट्यावर, तिथे मोबाइल खिशातच ठेवून आधी एकदा विठ्ठल म्हणायचं.

उद्या सहाव्या अध्यायाचे शेवटचे दोन श्लोक.

रामकृष्णहरी.