बांधीतले आद्य जीव

कोंढ्यासारख्या धानाच्या गावात कीर्तन आटोपले की एखादा भाविक विचारतोच, "महाराज, दशावतारात मत्स्य पहिला. मग पृथ्वीवरचा पहिला जीव मासाच ना?"

श्रोतेहो, नाही. मत्स्यावताराच्या कथेत मनू आधीच हजर आहे, नाव आहे, नावेत ठेवायची बीजे आहेत. मग मासा पहिला कसा ठरेल? ती कथा भगवंत संकटात धावून येतो हे सांगण्यासाठी आहे, जीवांची वंशावळ सांगण्यासाठी नव्हे. पुराणाला ओढून विज्ञानाच्या पंगतीत बसवले, तर दोघांचाही मान जातो.

वंशावळ शास्त्रज्ञांना विचारावी. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. पश्चिम ऑस्ट्रेलियात सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी एकावर एक रचलेले थर सापडले आहेत. मासे आले सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी, आणि आपण माणसे अवघ्या ३ लाख वर्षांपूर्वी! पंगत उठायच्या वेळी आलेला पाहुणा जसा यजमानासारखा मिरवतो, तशी आपली गत आहे.

त्या सूक्ष्म जीवांत एक कुळी निघाली. तिने सूर्याचा प्रकाश घेतला, पाण्याचे घटक वेगळे केले आणि प्राणवायू बाहेर सोडला. कोट्यवधी वर्षे हेच चालले. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो वायू हवेत साठू लागला. 'अन्' धातू म्हणजे श्वास घेणे. त्याला 'प्र' लागला की 'प्राण' होतो. आज विठ्ठलाचे नाव घ्यायला आपण जो श्वास भरतो, त्याची पहिली शिदोरी या जीवांनी बांधून ठेवली. पाण्यात विरघळलेल्या मँगनीजला प्राणवायू भेटला, की ते घट्ट होऊन तळाशी बसते. आपल्याच जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारे मँगनीज असेच एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचले होते.

आणि ती कुळी संपली म्हणता? छे! तुमच्या बांधीत ती आहे. साचल्या पाण्यावर निळसर-हिरवी साय धरते, तेच ते नीलहरित शेवाळ. आपण त्याला शेवाळ म्हणतो, शास्त्र त्याला जिवाणूंत मोजते. त्यातल्या काही जाती हवेतला नत्र ओढून धानाला पोसतात, हे पी. के. दे यांनी १९३९ साली दाखवून दिले. मात्र युरियाचा मारा फार झाला, की हे फुकटचे चाकर काम सोडून बसतात. म्हणून खत घाला, पण मापाने घाला.

आता सिद्धांत ऐका. आषाढीचे दिवस आणि रोवण्याचे दिवस एकच. दिंड्या पंढरीला पोचतात तेव्हा इकडची माउली चिखलात वाकून रोवणा करीत असते आणि मनात झुरते, "माझी वारी चुकली." माउली, झुरू नको. ज्यांनी साऱ्या जगाला श्वास दिला त्यांना ना नाव, ना पताका, ना मानाची जागा. त्यांनी पाण्यात राहून आपले काम केले. तूही त्याच पाण्यात उभी आहेस आणि तुझ्या हातून जगाचे अन्न उभे राहते आहे. कामाला नामाची जोड दे, म्हणजे ती बांधीच वाळवंट होते.

लहानाला लहान म्हणून तुडवू नये, आणि स्वतःला शेवटचा म्हणून हीन मानू नये. एवढे जरी आज पदरी पडले तरी श्रवण सार्थकी लागले.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!