आठवणीला आधार दे

हे पांडुरंगा, मेंदूला मार बसल्यानंतर पुन्हा कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलामुलींसाठी तुझ्यापुढे हात जोडले आहेत.

बाहेरून ती धडधाकट दिसतात. टाके निघालेले असतात, केसही पुन्हा वाढलेले असतात. पण सकाळचं व्याख्यान दुपारी आठवत नाही, पंख्याच्या घरघरीनेही लक्ष उडतं, दोन पानं वाचली की डोकं जड होतं. समज शाबूत असूनही उत्तर वेळेवर सुचत नाही. आम्ही त्याला आळस म्हणतो. तो शब्द आमच्या तोंडून काढून घे, देवा.

कॅलिफोर्नियातल्या एका बापाला तू बुद्धी दिलीस. त्याच्या मुलाच्या मेंदूला इजा झाली होती. इंजिनिअर असलेल्या त्या बापाने एका मानसतज्ज्ञाच्या साथीने वेळेवर आठवण करून देणारा पेजर घडवला, न्यूरोपेज. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 143 जणांना तो देऊन पाहिला. 2001 साली निष्कर्ष छापून आले: चाचणी पूर्ण करणाऱ्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणांची रोजची कामं पूर्वीपेक्षा नीट पार पडू लागली होती. त्या बापाच्या मायेत मला तूच दिसतोस.

आज ते काम खिशातला मोबाइल करतो. पुस्तक वाचून दाखवणारी ॲप आहेत, बोललेलं मराठी आपोआप टाइप होतं, वहीतल्या ओळीवर टेकवताच ती लिहिताना वर्गात काय चाललं होतं ते ऐकवणारं स्मार्टपेन आहे. विचार त्या मुलांचाच. आठवणीचं ओझं तेवढं यंत्र वाहतं. तरी वर्गात फोन निघाला की आमच्या कपाळाला आठ्या पडतात. आम्हा शिक्षकांना कॉपी आणि आधार यांतला फरक ओळखू दे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत मेंदूच्या इजेचं वेगळं नाव नाही. अर्जाच्या कोणत्या रकान्यात बसायचं, इथेच ही मुलं अडतात. 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही एवढ्याच कारणाने परीक्षेत लेखनिक नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितलं. ते प्रत्येक प्राचार्यांच्या आणि परीक्षा विभागाच्या कानी घाल.

या मुलांना धीर दे, विसरल्याची लाज वाटू देऊ नकोस. त्यांच्या आईवडिलांचं बळ टिकव. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला उद्या वर्गात एवढं विचारायची बुद्धी दे: ‘बाळा, तुला शिकायला कशाची मदत होईल?’