खर्चाचा हिशेब आणि उमेदवाराची सचोटी

निवडणुकीस उभा राहणारा मनुष्य लोकांपाशीं विश्वास मागतो. तो विश्वासास पात्र आहे कीं नाहीं, याची पहिली पारख त्याच्या खर्चाच्या वहींत होते, असें आम्हांस वाटतें.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणें उमेदवारानें अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतच्या खर्चाचा खरा हिशेब ठेवून तो निकालानंतर ३० दिवसांच्या आंत सादर केला पाहिजे. सबळ कारणावांचून न दिल्यास ३ वर्षें अपात्रता येते. महाराष्ट्रांत विधानसभेच्या उमेदवारास २०२२ सालीं ४० लक्ष रुपयांची मर्यादा ठरविण्यांत आली.

कित्येक म्हणतात, "मांडव व मोटारी यांचा खर्च सर्वच लपवितात, एकट्यानें खरें लिहून काय होणार?" पण जो पहिल्याच कागदावर खोटी सही करितो, तो उद्यां सार्वजनिक पैशाच्या कागदावर खरी सही करील, हें कशावरून? शिवाय मर्यादा घातली ती अशासाठीं कीं, थोडक्या पैशाच्या मनुष्यासहि लोकांपुढें उभें राहतां यावें. ती चोरून ओलांडणारा गरिबाची जागा हिरावून घेतो.

पक्षाच्या खर्चास कायद्यानें मर्यादा नाहीं, म्हणून आपला खर्च पक्षाच्या नांवें लिहविण्याचा मोह होतो. परंतु नांव बदलल्यानें खर्च बदलत नाहीं.

मतदारांनींहि विचार करावा. जेवणावळीस बसून उठल्यावर उमेदवारास लबाड म्हणणें शोभत नाहीं. त्या लपविलेल्या खर्चांत आपलेंहि पान मांडलेलें असतें.