तिसरे अंथरूण

आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की मोर्शी-वरूड पट्ट्यातील अनेक घरांत वर्षाचा मोठा पैसा एकदाच येतो. व्यापारी बागेचा सौदा करतो, इसार देतो, उरलेली रक्कम तोडणीच्या वेळी हाती पडते. एके काळी ही रक्कम येण्याआधीच वाटली गेलेली असे. एकाची फी, दुसऱ्याचे वसतिगृह, मुलीच्या लग्नाची तयारी. आज त्याच घरात दोनच माणसे उरली आहेत. एक मुलगा पुण्यात, दुसरा नागपूरला किंवा आखातात, मुलगी अकोल्याला आपल्या सासरी. खाणारी तोंडे कमी झाली, तरी पुढचा बहार येण्याआधीच पैसा संपतो, असे अनेक वडीलधारे सांगतात. ज्याला बाग नाही, जो निवृत्तिवेतनावर जगतो, त्याचीही तक्रार हीच आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, या तक्रारीचे उत्तर शोधताना आपण लगेच महागाईकडे बोट दाखवतो. महागाई खोटी नाही. पण आधी चुलीवरची देगची पाहावी. सात जणांच्या स्वयंपाकाची ती देगची अजूनही रोज चढते आणि हात सवयीने तेवढेच तांदूळ मोजून घेतो. आमच्या घरी धाकटा शिकायला बाहेर पडल्यानंतर कितीतरी महिने हेच चालले होते. उरलेले सालन फ्रिजमध्ये जाई आणि तिसऱ्या दिवशी फेकले जाई. फेकताना वाईट वाटे, पण यालाच इसराफ म्हणतात हे मनात येत नसे. इसराफ म्हणजे दुसऱ्याच्या लग्नातील रोषणाई, अशी आपली सोयीची समजूत असते. सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत अल्लाहने खाण्यापिण्याची मुभा दिली आणि त्यालाच जोडून उधळपट्टीची मनाई केली. म्हणजे हिशेब ताटापासून सुरू होतो. शेवटी आम्ही ती देगची माळ्यावर ठेवली आणि लहान पातेले आणले. उपदेशाने जे झाले नव्हते, ते भांडे बदलल्याने झाले.

सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस अशा घरासाठीच सांगितली असावी, असे मला नेहमी वाटते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घरातील अंथरुणांची मोजदाद केली. एक पुरुषाचे, एक त्याच्या पत्नीचे, तिसरे पाहुण्याचे, आणि चौथे असेल तर ते सैतानाचे. इमाम नववी यांनी उलेमांच्या हवाल्याने खुलासा केला आहे की, गरजेपलीकडे केवळ मिरवण्यासाठी जमवलेल्या सामानाकडे येथे निर्देश आहे. मुले घरात असतील तर त्यांची अंथरुणे गरजेतच मोडतात, हे वेगळे सांगायला नको. मुले आपापल्या संसाराला लागली की घर पुन्हा या हदीसमधील मोजणीवर येते.

मात्र ही मोजणी दोनवर थांबत नाही, इकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. काटकसर करायची म्हटले की आपण सर्वांत आधी तिसरे अंथरूण गुंडाळतो. चहाला कोणी नको, जेवायला कोणी नको, शेजाऱ्याकडे वाटी पाठवणे बंद. सूरह अल-फुर्कानची ६७ वी आयत अल्लाहच्या दासांचे वर्णन करताना उधळेपणा आणि हात आखडणे या दोहोंच्या मधली वाट सांगते. हजरत अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सालन शिजवताना पाणी थोडे वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवायला सांगितले होते. येथे पाणी वाढवायला सांगितले आहे, मांस नव्हे. दोघांच्या लहान पातेल्यातूनही एक वाटी बाहेर जाऊ शकते, आणि त्यासाठी किराण्याची यादी वाढवावी लागत नाही.

पैशाचे नियोजन म्हणजे तवक्कुलमध्ये उणेपणा, असे काही भाविकांना वाटते. सहीह बुखारीत हजरत उमर (रजि.) यांचे कथन आहे की प्रेषित (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचा शिधा बाजूला काढत. बहाराची रक्कम हाती आल्यावर हेच करावे. आधी अल्लाहचा हक्क. फळ तोडण्याच्या दिवशीच त्याचा हक्क द्या आणि उधळू नका, असा आदेश सूरह अल-अनआमच्या १४१ व्या आयतीत आहे. इमाम अबू हनीफा यांच्या मते फळबागाही उश्रमध्ये येतात. पावसावर पिकलेल्या मालाचा दहावा हिस्सा आणि विहिरीचे पाणी ओढून पिकवलेल्याचा विसावा. आपल्या जमिनीला हा नियम कसा लागू होतो, ते आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. मग पुढील वर्षाच्या बागेचा खर्च. त्यानंतर उरलेल्या रकमेचे बारा भाग करावेत आणि एका महिन्याने दुसऱ्या महिन्याकडे हात पसरू नये. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या, वीज, दूध, घरपट्टी हे सर्व पती-पत्नीने एकत्र बसून वहीत लिहावे. अनेक घरांत पत्नीला नवऱ्याची रक्कम ठाऊक नसते आणि नवऱ्याला तेलाचा भाव ठाऊक नसतो. वही दोघांची असली तर हा पडदा राहत नाही.

व्याजाचा प्रश्न येथे येतोच. म्हातारपणी कमवून कोण आणणार, या धास्तीने मुदत ठेवीच्या व्याजावर घर चालवले जाते. या धास्तीला नुसते फटकारून काही होत नाही, वाट दाखवावी लागते. मोर्शी तालुक्याचे ठिकाण आहे. बदलीवर आलेला शिक्षक, बँकेतील कर्मचारी किंवा शिकायला आलेले विद्यार्थी खोली शोधत असतात, आणि आपल्या माडीवरच्या दोन खोल्यांना वर्षानुवर्षे कुलूप असते. भाडे ही हलाल कमाई आहे. शिवाय रात्री छातीत दुखले तर वरून धावत येणारे एक माणूस घरात असते.

आता अवघड गोष्ट. मुले ईदला येतात तेव्हा आपण अर्ध्या वर्षाची बचत तीन दिवसांत खर्चतो. नवे पडदे, नवा दस्तरखान, नातवंडांना महागडी खेळणी. आपले कसे छान चालले आहे हे दाखवायचे असते. मुले खूश होऊन परततात, आणि पुढच्या महिन्यात आपण गोळ्या एक दिवसाआड घेतो. हे सर्व स्वाभिमान म्हणून चालते. मुलांवर ओझे होऊ नये ही भावना चांगली आहे, पण सूरह अल-बकरहच्या २१५ व्या आयतीत खर्चाचे हक्कदार सांगताना पहिला उल्लेख आईवडिलांचा आहे. गरजू आईवडिलांचा खर्च ऐपतदार मुलांवर वाजिब आहे. आपली गरज त्यांच्यापासून लपवली तर ते आपले कर्तव्य पार पाडणार कसे? खरी वही त्यांच्यापुढे ठेवावी. ईदला त्यांनाच सांगावे की बेटा, या वेळी औषधांचे तू बघ.

बकरी ईदचेही तसेच. खाणारे दोन आणि फ्रिज भरलेला. तिरमिजीमध्ये हजरत आयशा (रजि.) यांची हदीस आहे. घरात बकरी कापली गेली आणि वाटून झाली. काय उरले, असे प्रेषितांनी (स.) विचारले. खांद्याखेरीज काहीच उरले नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा ते म्हणाले की, खांद्याखेरीज सारे उरले.

या हिवाळ्यात पत्नीसह कोठीतली पेटी उघडावी. दोघांच्या रजया, पाहुण्याची रजई आणि ईदला येणाऱ्या मुला-नातवंडांना लागतील तेवढ्या बाजूला काढून उन्हात टाकाव्यात. बाकीच्यांबद्दल मुलांना फोनवर विचारून घ्यावे, बहुधा कोणालाच नको असतील. संत्रा तोडणीला आणि प्रतवारीला आलेले मजूर याच दिवसांत बागेच्या कडेला रात्र काढतात. रजया आताच न्याव्यात, मृग बहार तुटेपर्यंत थंडी ओसरलेली असेल.