फोनने सांगितलेले नाव हे कोणते प्रमाण?

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. तिथल्या काठावरच्या झाडीतून शिक्र्याची तीक्ष्ण हाक आली आणि फोनमधल्या ‘मर्लिन’ या ॲपने ‘शिक्रा’ असे नाव दाखवले, तर आपल्याला नेमके काय कळले? न्यायदर्शन ज्ञानाची चार साधने मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पक्षी दिसलेला नाही, तेव्हा प्रत्यक्ष नाही. बहुतेक जण ते नाव नकळत शब्दप्रमाण म्हणून घेतात; जाणकाराने सांगितले, विषय संपला. माझ्या मते घोळ इथेच सुरू होतो. शब्दप्रमाणाला आप्त लागतो, म्हणजे वस्तू स्वतः जाणलेला आणि जाणली तशी सांगू इच्छिणारा. वात्स्यायनाने ही व्याख्या ऋषींइतकीच म्लेंच्छांनाही लागू केली, त्यामुळे शाळेचे तोंड न पाहिलेला रानातला वाटाड्याही आप्त ठरतो. ॲप मात्र ठरत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने २०२१ मध्ये मर्लिनला आवाज ओळखण्याची सोय दिली. ते ध्वनीचे चित्र करते, नावे लावलेल्या असंख्य ध्वनिमुद्रणांवरून शिकलेले साम्य त्यात शोधते आणि त्या भागात त्या दिवसांत कोणते पक्षी नोंदले जातात याचा आधार घेते. हे सरळसरळ अनुमान आहे.

अनुमान म्हटले की व्याप्ती, म्हणजे खूण आणि वस्तू यांचा अटळ संबंध, तपासायला हवी. ‘जिथे ही हाक, तिथे शिक्रा’ ही व्याप्ती विजेच्या तारेवर बसलेला साधा कोतवालच मोडतो. तो शिक्र्याची नक्कल करून साळुंक्यांना उडवून लावतो आणि त्यांचे भक्ष्य पळवतो. पश्चिमेला कोयना-चांदोलीच्या रानात भृंगराज तर कितीतरी पक्ष्यांचे आवाज काढतो. अशा वेळी यंत्राने आवाज बरोबर ओळखलेला असतो, पक्षी मात्र चुकलेला असतो. नैयायिक अशा हेतूला, म्हणजे वस्तू नसतानाही आढळणाऱ्या खुणेला, व्यभिचारी म्हणतात. स्थळकाळाचा आधारही दुधारी आहे. नेहमीच्या पक्ष्यांसाठी तो उपयोगी पडतो, पण वाट चुकून आलेल्या पाहुण्याला तोच बाजूला सारू शकतो, आणि नोंद मोलाची असते ती त्याचीच. शिवाय पुणे-बंगळूर महामार्गावरच्या ट्रकांची घरघर भारद्वाजाचे खोल घुमणे गिळून टाकते.

माणसाचा कानही फसतोच, असे कोणी म्हणेल. खरे आहे, कोतवाल प्रत्यक्ष साळुंकीला फसवतो. पण माणसाला उलटे विचारता येते: आवाज किती उंचीवरून आला, मध्येच बदलला का, जवळ कोतवाल होता का? ‘बर्डनेट’ हे असेच दुसरे ॲप शून्य ते एक असा विश्वासांक देते, मग आणखी काय हवे, हा दुसरा आक्षेप. पण ०.९ म्हणजे दहापैकी नऊ वेळा बरोबर, असा त्याचा अर्थ नाही. तोच आकडा एका पक्ष्याबाबत भरवशाचा आणि दुसऱ्याबाबत पोकळ असू शकतो. मीमांसकांचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: बाध, म्हणजे खोटे ठरवणारे काही, समोर येईपर्यंत ज्ञान खरेच मानावे, नाहीतर शंकेला अंत नाही. परसात पावशा ऐकून आनंदणाऱ्याने खुशाल तसे मानावे. या ॲपमुळे ज्यांचे कान पहिल्यांदाच उघडले, त्यांना हिणवण्यात काही अर्थ नाही. पण ज्या नोंदींवरून उद्या पक्ष्यांची संख्या आणि रानाचे भवितव्य ठरवले जाईल, तिथे नैयायिकांचे परतःप्रामाण्यच हवे. ज्ञानाचा खरेपणा ज्ञानाबाहेरून पडताळायचा. त्याचे साधन फोनमध्येच आहे. मूळ ध्वनिमुद्रण दुसऱ्याला ऐकवता येते, वर्षांनंतरही पुन्हा तपासता येते. म्हणून नोंदीला ते जोडावे, आणि पक्षी पाहिला की नुसता ऐकला, हेही लिहावे.