नाव कोरलेलं दान

कल्याणला खाडी बघायला आलेला माणूस दुर्गाडी किल्ल्यावर चढतो, उल्हासचं रुंद पात्र पाहतो, दूरवर मलंगगड शोधतो आणि परततो. या बंदराची सर्वांत मोलाची खूण मात्र बोरिवलीच्या डोंगरात, कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत आहे. नाणेघाटातून उतरलेला माल कल्याणला गलबतांत चढायचा, त्या सातवाहन काळात कल्याणच्या लोकांनी कान्हेरीच्या भिक्षूंना दानं दिली आणि कातळावर आपली नावं, गाव, धंदा कोरून ठेवला. त्यांत व्यापारी आहेत, तसे सोनार आणि लोहारही. सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे कातळातलं टाकं, दिली, लोहाराने वाट. आता प्रश्न असा, की नाव कोरल्यावर ते दान उरतं का?

गीतेच्या सतराव्या अध्यायाचा आधार घेऊन कोणीही म्हणेल, की परतफेडीची अपेक्षा आली तिथे दान सात्त्विक न राहता राजस झालं. आक्षेप वजनदार आहे. पण ती कसोटी देणाऱ्याने स्वतःच्या मनाला लावायची आहे. तहानलेल्या भिक्षूने सोनाराचं मन तपासायचं नाही. शिवाय, कान्हेरीच्या कित्येक लेखांत दानाचं पुण्य आईवडिलांना आणि सर्व जीवांना अर्पण केलेलं आहे. म्हणजे नाव दात्याचं, पण फळावरचा हक्क त्याने सोडलेला. माझ्या मते तर नाव कोरणं ही कीर्तीपेक्षा जबाबदारी जास्त होती. तिथल्या लेखांत अक्षयनीवी येते: मुद्दल तसंच ठेवायचं, उत्पन्नातून भिक्षूंची वस्त्रं पुरवायची. अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या शब्दाला निनावी दाता कसा बांधील राहणार? दान दिलेल्या बाकापेक्षा त्यावरची नावाची पाटी मोठी असते तिथे मात्र ही बाजू लंगडी पडते, हे कबूल.

दुसरा आक्षेप: नफ्याच्या पैशावर पोसलेलं वैराग्य कसलं? पण भिक्षापात्र कधीच संसारापासून तुटलेलं नव्हतं. त्यात पडणारा भातही कोणाच्या तरी घामाचाच. व्यापारी वाटांच्या कडेने लेणी खोदली गेली ती ही गरज उघडपणे मान्य करूनच, आणि त्यात मला कमीपणा दिसत नाही. उलट, देणाऱ्याच्या हेतूचा कीस काढत बसणाऱ्या धर्मापेक्षा पोढी खोदणारा धर्म मला अधिक खरा वाटतो. त्याच कल्याणच्या खाडीत आज सांडपाणी मिसळतं. म्हणून दुर्गाडीवरून ती बघून फोटो काढणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: नाव हवं तर खुशाल लावा, पण आधी हे पाणी स्वच्छ करायला हात लावा.